पैसे येतात, कागद येत नाही : नाशिकच्या बँक शाखांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील बँकांचे शाखा व्यवस्थापक, परकीय चलन विभागाचे अधिकारी आणि अग्रणी जिल्हा व्यवस्थापक यांस

विषय : परदेशातून येणाऱ्या लहान रकमा, त्यांचे पर्पज कोड, दाखले आणि दर

सप्रेम नमस्कार.

नाशिकची निर्यात म्हटली की द्राक्षाचा कंटेनर, लासलगावचा कांदा किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातले सुटे भाग डोळ्यांसमोर येतात. त्या निर्यातीचे कागद आपल्या शाखांना तोंडपाठ आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र तिच्या शेजारी दुसरी निर्यात उभी राहिली आहे. इंदिरानगरातल्या घरात बसून जर्मनीतल्या कारखान्यासाठी कॅड ड्रॉइंग काढणारा मुलगा, कॉलेज रोडवर वेबसाइट बनवणारी तिघांची टीम, येवल्याहून अमेरिकेत पैठणी पाठवणारी दुकानदारीण. यांची रक्कम पाचशे, दीड हजार, तीन हजार डॉलरची असते, पण ती दर महिन्याला येते. आम्ही अशा लोकांचे हिशेब लिहितो, विवरणपत्रे भरतो, परताव्याचे अर्ज करतो. त्यांचे पैसे सहसा अडकत नाहीत. पैशामागून यायला हवा तो कागद अडकतो, आणि अडकतो तो बहुतेक वेळा शाखेच्या खिडकीशी.

सुरुवात पर्पज कोडपासून करतो, कारण पुढचा बहुतेक गोंधळ तिथे जन्म घेतो.

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला, ती कशासाठी आली हे सांगणारा रिझर्व्ह बँकेच्या यादीतला एक कोड द्यावा लागतो. सॉफ्टवेअरच्या कामाला पी०८०२, व्यवसाय व व्यवस्थापन सल्ल्याला पी१००६, जाहिरातीच्या कामाला पी१००७, वास्तुरचनेला पी१००९, अभियांत्रिकी सेवेला पी१०१४. ग्राहकाने काही सांगितले नाही आणि खाते बचतीचे असले, की पुष्कळ ठिकाणी पी१३०१ टाकून रक्कम जमा केली जाते. पी१३०१ म्हणजे परदेशातल्या आप्ताने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे. त्या दिवशी कोणालाच काही खटकत नाही. सहा महिन्यांनी जीएसटीच्या परताव्याचा अर्ज जातो, अधिकारी रक्कम परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला मागतो, आणि ज्या रकमेला ग्राहक निर्यात म्हणतो तिलाच बँकेचा कागद कौटुंबिक मदत म्हणतो. अधिकाऱ्याने अर्ज नाकारला तर त्याला दोष देता येत नाही.

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते. सेवेसाठी आलेल्या आगाऊ रकमेला पी०१०३ लावला जातो. तो कोड मालाच्या निर्यातीपोटी आलेल्या आगाऊ रकमेचा आहे. तो लागला की ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्यात देखरेख प्रणालीत, ती नोंद शिपिंग बिलाची, म्हणजे माल निर्यात झाल्याच्या सीमाशुल्काच्या कागदाची, वाट पाहत उघडी राहते. ड्रॉइंग ईमेलने गेलेले असते, शिपिंग बिल कधीच येणार नसते, आणि ग्राहकाला मात्र ‘आपली नोंद प्रलंबित आहे’ अशी पत्रे येत राहतात.

कोड नंतर बदलता येतो, पण तोपर्यंत आकडे रिझर्व्ह बँकेकडे गेलेले असतात. मग विनंतीपत्र, इन्व्हॉइस, करार, मुंबईच्या किंवा पुण्याच्या केंद्रीय कक्षाशी पत्रव्यवहार, आठवड्यांमागून आठवडे. त्यापेक्षा रक्कम जमा करण्याआधी एक फोन किंवा एक एसएमएस स्वस्त आहे. आमची मागणी साधी आहे : ग्राहकाने काय काम केले हे विचारल्याशिवाय कोड टाकू नका. नेहमीच्या ग्राहकाकडून वर्षाच्या सुरुवातीला एकदाच कायमस्वरूपी सूचनापत्र घ्या, त्यात कामाचे स्वरूप आणि कोड लिहून घ्या, आणि त्या खात्यावर येणाऱ्या रकमांना तोच कोड लावा. काही शाखा हे करतात. त्यांच्या ग्राहकांची तक्रार आमच्यापर्यंत येत नाही.

आता दाखला. जुने लोक अजून ‘एफआयआरसी’च, म्हणजे परदेशी रक्कम आल्याचे बँकेचे कागदी प्रमाणपत्रच, मागतात आणि खिडकीवर उत्तर मिळते, ‘ते बंद झाले.’ उत्तर अर्धे बरोबर आहे. निर्यातीच्या रकमेसाठी कागदी एफआयआरसी आता दिले जात नाही. ग्राहकाला मिळते ती एफआयआरए, म्हणजे परदेशी रक्कम आल्याची सूचना, आणि बँकेच्या बाजूने तयार होते ती आयआरएम नावाची इलेक्ट्रॉनिक नोंद. पण ‘बंद झाले’ एवढेच ऐकून ग्राहक रिकाम्या हाताने परततो. त्याऐवजी काय मिळते हे त्याला तिथेच सांगायला हवे.

एफआयआरएवर काय असावे हे आम्ही अनुभवाने सांगतो. पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव व देश, परकीय चलनातली रक्कम, चलन, लावलेला दर, रुपयातली रक्कम, पर्पज कोड, संदर्भ क्रमांक, आणि पाठवणाऱ्याने मुळात किती रक्कम पाठवली होती तो आकडा. शेवटचा आकडा बहुतेक दाखल्यांवर नसतो, आणि नेमका तोच हवा असतो. इन्व्हॉइस १,५०० डॉलरचे, जमा १,४८० डॉलर. मधल्या बँकेने २० डॉलर कापले. बँका एकमेकींना परदेशी रकमेबद्दल पाठवतात त्या स्विफ्ट संदेशात मूळ रक्कम आणि कापलेले शुल्क दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असतात. ते दाखल्यावर उतरवले तर फरकाचा खुलासा कागदावरच होतो. नाही उतरवले तर इन्व्हॉइसपेक्षा वसुली कमी का, हा प्रश्न परताव्याच्या वेळी उभा राहतो.

जीएसटीच्या दृष्टीने या कागदाचे मोल किती, हेही खिडकीवरच्या सहकाऱ्यांना माहीत असलेले बरे. सेवेची निर्यात शून्य दराची आहे, पण त्यासाठी पाच अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचे ठिकाण भारताबाहेर, मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत, आणि दोन्ही पक्ष एकाच संस्थेच्या नुसत्या दोन शाखा नसाव्यात. यातली चौथी अट सिद्ध करणारा कागद फक्त बँक देऊ शकते. नोंदणीकृत व्यावसायिक दर वर्षी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून कर न लावता इन्व्हॉइस काढतो. खरेदीवर भरलेला कर आरएफडी-०१ या अर्जाने परत मागतो. आणि त्या अर्जासोबत वसुलीचा दाखला जोडतो. अर्जाची मुदत दोन वर्षे आहे. दाखला मिळवण्यात त्यातले सहा-आठ महिने गेले तर नुकसान ग्राहकाचे होते.

ज्यांच्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक आहे त्यांची अडचण थोडी वेगळी. डीजीएफटीने, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाने, नोव्हेंबर २०२३ पासून ई-बीआरसीची, म्हणजे निर्यातीची रक्कम वसूल झाल्याच्या इलेक्ट्रॉनिक दाखल्याची, पद्धत बदलली. पूर्वी बँक ई-बीआरसी चढवत असे. आता बँक आयआरएम पाठवते आणि निर्यातदार स्वतः डीजीएफटीच्या पोर्टलवर जाऊन त्या आयआरएमला आपले इन्व्हॉइस किंवा शिपिंग बिल जोडून ई-बीआरसी स्वयंप्रमाणित करतो. पद्धत चांगली आहे. पण बँकेच्या नोंदीत खात्याशी आयईसी जोडलेलाच नसेल तर आयआरएम निर्यातदाराला पोर्टलवर दिसतच नाही. तो बिचारा आपल्याच लॉगिनमध्ये चूक शोधत बसतो. चालू खात्याचा फॉर्म भरताना आयईसीचा रकाना कोरा राहिला असेल तर तो आजच भरून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

पैठणी, बेदाणा, हस्तकला असा माल कुरिअरने पाठवणाऱ्यांसाठी याहून एक पायरी अलीकडे अडथळा आहे : एडी कोडचे, म्हणजे परकीय चलनाचे काम करणाऱ्या बँक शाखेच्या कोडचे, पत्र. व्यापारी माल कुरिअरने कायदेशीरपणे जायचा तर तो सीएसबी-५ या कुरिअर निर्यातीच्या सीमाशुल्क फॉर्मखाली जावा लागतो, आणि त्यासाठी आयईसी व १४ अंकी एडी कोड सीमाशुल्काच्या आइसगेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. ते पत्र शाखेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांक, आयएफएससी आणि अधिकृत सही-शिक्क्यासह हवे. पत्र वेळेत मिळाले नाही की कुरिअरवाला सोपा रस्ता सुचवतो : ‘सीएसबी-४ मध्ये नमुना म्हणून पाठवू.’ सीएसबी-४ नमुने आणि भेटवस्तूंसाठी आहे. पार्सल पोहोचते, ग्राहक पैसेही पाठवतो. पण निर्यातीचा पुरावा कुठेच नसतो, त्यामुळे आलेल्या रकमेला जोडायला काही नाही आणि कराचा परतावाही नाही. एका पत्राच्या उशिरामुळे वर्षभराची विक्री कागदोपत्री निर्यात ठरत नाही. मागणी आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत हे पत्र मिळावे, एवढी आमची विनंती आहे.

लहान निर्यातदारांसाठी एक मोठी सवलत आहे आणि ती अजून सगळ्या खिडक्यांपर्यंत पोहोचलेली नाही. १ ऑक्टोबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितले की, १० लाख रुपयांपर्यंतच्या निर्यात किंवा आयात नोंदी, रक्कम मिळाल्याच्या किंवा दिल्याच्या ग्राहकाच्या घोषणेवर बंद कराव्यात. बिलाच्या घोषित किमतीत घट झाली असेल तर तीही अशा घोषणेवर मान्य करता येते. या घोषणा तिमाहीला एकदा, एकत्र यादी करून घेता येतात. आणि नियमपूर्तीला उशीर झाला म्हणून ग्राहकाकडून शुल्क घेऊ नये, हेही त्यात आहे. मधल्या बँकेने कापलेल्या पंधरा-वीस डॉलरमुळे वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या नोंदी या एका परिपत्रकाने मिटू शकतात. तरीही प्रत्येक नोंदीमागे वेगळा अर्ज आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र मागितले जाते, असे आम्ही पाहतो. कृपया हे परिपत्रक छापून परकीय चलनाच्या टेबलावर ठेवा.

आता दराविषयी स्पष्ट बोलू. जुन्या पेढ्या याला हुंडणावळ म्हणत आणि ती आधी ठरवून मग हुंडी वटवत. आज ग्राहकाला दर कळतो तो रक्कम जमा झाल्यावर. एक हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. बाजारात डॉलर ८८ रुपये आहे. इन्व्हॉइस १,५०० डॉलर, म्हणजे १,३२,००० रुपये. मधल्या बँकेने २० डॉलर कापले : १,७६० रुपये. उरलेल्या १,४८० डॉलरना शाखेने ८६.९० चा दर दिला. डॉलरमागे १ रुपया १० पैसे गेले, म्हणजे १,६२८ रुपये. बँकेची वटणावळ ३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३५४. शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी वेगळा : पहिल्या एक लाखावर एक टक्का म्हणजे १,००० रुपये आणि वरच्या २८,६१२ रुपयांवर अर्धा टक्का म्हणजे १४३ रुपये ६ पैसे हे सेवेचे मूल्य धरायचे आणि त्यावर १८ टक्के, २०५ रुपये ७५ पैसे. हातात आले १,२८,०५२ रुपये २५ पैसे. एकूण घट ३,९४७ रुपये ७५ पैसे, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. खाते उताऱ्यावर यातले दिसतात फक्त ५५९ रुपये ७५ पैसे. बाकीचे ३,३८८ रुपये कुठल्याच ओळीत नाहीत.

बँकेने नफा घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तो लिहून घ्यावा, असे म्हणतो. जमा झाल्याच्या सूचनेत त्या दिवशीचा संदर्भ दर, ग्राहकाला दिलेला दर आणि दोहोंतला फरक पैशांत छापा. एफबीआयएल या संदर्भ दर काढणाऱ्या संस्थेचा दर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर होतो. तुलनेसाठी तो पुरेसा आहे. नियमित रक्कम येणाऱ्या ग्राहकाला विशेष दर देण्याचे अधिकार बहुतेक बँकांत असतात, पण ग्राहकाने मागितल्याशिवाय ते वापरले जात नाहीत, आणि मागायचे असते हेच लहान ग्राहकाला ठाऊक नसते. शिवाय ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच उपलब्ध आहे. तिथे किरकोळ ग्राहक आपल्या बँकेमार्फत नोंदणी करून बाजाराच्या दराने डॉलर विकू शकतो आणि बँक आपले शुल्क वेगळे, आधी सांगून घेते. मुख्य कार्यालयाने आपली बँक त्या मंचावर आणली असेल तर शाखेने त्याचा फॉर्म ग्राहकासमोर ठेवायला हरकत काय?

आमची मुले आणि दुकानदार अॅप-वेबसाइटकडे का वळतात, याचे उत्तर वरच्या हिशेबात आहे. सरसकट स्वस्त म्हणून ते वळत नाहीत. पेपालचे शुल्क सुमारे ४.४ टक्के अधिक ठरावीक आकार आहे, आणि शिवाय त्यांचा चलन बदलण्याचा दर बाजाराहून कमी असतो; वरच्या उदाहरणातल्या बँकेपेक्षा तो मार्ग महागच पडतो. तरी लोक तिथे जातात, कारण परदेशी ग्राहकाला कार्डाने पैसे देता येतात आणि किती मिळणार ते आधी दिसते. दुसरा प्रकार म्हणजे अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपातला खाते क्रमांक देणाऱ्या सेवा. परदेशी ग्राहक आपल्या देशातल्या देशात एसीएच (अमेरिका) किंवा सेपा (युरोप) अशा तिथल्या बँक-हस्तांतराने रक्कम भरतो, मधली बँक येतच नाही, आणि रुपये इथे जमा होतात. महिन्याला दोन-तीन हजार डॉलरपर्यंतच्या कामाला आम्ही स्वतः हा मार्ग सुचवतो. मोठ्या रकमांना थेट बँकेत स्विफ्टने घ्या असे सांगतो. पण शाखेने दर बोलून दिला तरच.

या सेवांबद्दल खिडकीवर एक गैरसमज आढळतो. रक्कम एनईएफटीने रुपयांत आली, म्हणजे ती परदेशी नाही, असे ग्राहकाला सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने अशा मध्यस्थांना पीए-सीबी, म्हणजे सीमापार पेमेंट अॅग्रिगेटर, म्हणून नियमाखाली आणले. एका वस्तू किंवा सेवेसाठी २५ लाख रुपयांची मर्यादा घातली. परकीय चलन त्यांच्या अधिकृत बँकेकडील वसुली खात्यात येते आणि तिथून रुपये निघतात. म्हणून दाखला त्या बँकेचा, मध्यस्थाच्या डॅशबोर्डवरून उतरवून घ्यायचा. आपण तो देऊ शकत नाही हे खरे. पण ‘ही निर्यातच नाही’ असे म्हणू नका. ‘दाखला त्यांच्याकडून दर महिन्याला उतरवून ठेवा’ एवढे एक वाक्य सांगितले तर ग्राहकाचे वर्ष वाचते.

हाच मुद्दा नागरी सहकारी बँकांना जास्त लागू होतो. नाशिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सहकारी बँकेतच खाते असलेली घरे पुष्कळ आहेत. बँकेकडे परकीय चलनाचा परवाना नसेल तर रक्कम भागीदार बँकेच्या नोस्ट्रो, म्हणजे परदेशी बँकेतल्या परकीय चलनाच्या, खात्यातून येते आणि दाखलाही भागीदार बँकच देते. खाते उघडतानाच हे सांगा, भागीदार बँकेचा स्विफ्ट कोड आणि रक्कम पाठवताना कोणत्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे याचा एक छापील कागद द्या. लाभार्थीच्या जागी बँकेचे नाव आणि संदर्भाच्या जागी ग्राहकाचे खाते, अशी उलटसुलट झाली की रक्कम आठवडाभर कोणाचीच नसते.

नाव-पत्त्याबद्दलही. स्विफ्टवरून रकमेचे संदेश पाठवण्याची जुनी एमटी पद्धत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली आणि नवीन आयएसओ २००२२ पद्धतीत नोव्हेंबर २०२६ पासून पत्ता एका सलग ओळीत चालणार नाही. शहर आणि देश वेगळ्या रकान्यांत द्यावे लागतील. ग्राहकांना हे आत्ताच कळवा. एकल मालकीच्या व्यवसायात खाते ‘अमुक डिझाइन्स’ नावाचे आणि इन्व्हॉइस व्यक्तीच्या नावाचे असते. तिथे रक्कम थांबते. नाशिकचे इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिले जाते. खाते, इन्व्हॉइस आणि आयईसी या तिन्हींवर एकच ठेवायला सांगा.

ईईएफसी खात्याचा, म्हणजे मिळकत परकीय चलनातच ठेवण्याच्या खात्याचा, उल्लेख केल्याशिवाय थांबता येत नाही. परकीय चलन कमावणारा कोणताही निवासी ते उघडू शकतो, मिळकतीची शंभर टक्के रक्कम त्यात ठेवू शकतो. व्याज मिळत नाही, आणि एखाद्या महिन्यात जमा झालेली रक्कम मंजूर खर्च वजा करून पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते. जो फ्रीलान्सर सर्व्हर आणि सॉफ्टवेअरचे भाडे डॉलरमध्ये भरतो त्याला हे खाते सोन्यासारखे आहे : डॉलर विकताना एकदा आणि कार्डाने परत विकत घेताना दुसऱ्यांदा होणारी घट दोन्ही वाचतात. ‘ते मोठ्या निर्यातदारांसाठी असते’ हे उत्तर नियमात कुठेही नाही.

आमच्या बाजूचे काम आम्ही करू. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला इन्व्हॉइसवर अनुक्रमांक, ग्राहकाचा देश, चलन, कामाचे नेमके वर्णन, पर्पज कोड आणि एलयूटीचा क्रमांक लिहायला लावू. शुल्क ‘ओयूआर’ प्रकाराने पाठवणाऱ्याने सोसावे, अशी ओळ करारात घालायला सांगू. रक्कम पाच दिवसांत आली नाही तर शाखेत येऊन ‘पैसे कुठे आहेत’ असे विचारण्याआधी परदेशी ग्राहकाकडून ३६ अक्षरांचा यूईटीआर, म्हणजे त्या रकमेचा मागोवा क्रमांक मागून घ्यायला सांगू. तो हाती असला की रक्कम कोणत्या बँकेत थांबली आहे ते आपल्याला काही मिनिटांत दिसते. ग्राहकाने तो आणला तर कृपया त्याला ‘अजून आले नाही’ म्हणून परत पाठवू नका. मागोवा काढून द्या.

अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना वेगळी विनंती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला होणाऱ्या जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत पीककर्जाचे, स्वयंरोजगाराचे आकडे येतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लहान निर्यातदारांच्या रकमांचा विषय घ्यावा, आणि नाशिकमधल्या कोणत्या शाखेत परकीय चलनाचे काम प्रत्यक्ष होते, तिथे जबाबदार अधिकारी कोणत्या पदाचा आहे आणि दाखला किती दिवसांत मिळेल, याची यादी सर्व बँकांकडून घेऊन जाहीर करावी. कायमस्वरूपी सूचनापत्राचा आणि तिमाही घोषणेचा मराठी नमुना आम्ही तयार केला आहे. बैठकीपूर्वी तो आपल्या कार्यालयात आणून देऊ.

आपले,
नाशिकमधील फ्रीलान्सर व लहान निर्यातदारांचे हिशेब आणि कागदपत्रे पाहणारे आम्ही काही जण